उडून झाल्यावर

छत्रपती संभाजीनगरातून जळगाव रस्त्याला लागलं की शहर हर्सूलला संपतं, असं पूर्वी म्हणत. आता ते कुठे संपतं हे सांगणं अवघड आहे. तरी कारागृह, हरसिद्धी देवीचं मंदिर आणि तलाव मागे पडला की पुढे सावंगी, फुलंब्री, सिल्लोड असा शेतीचा पट्टा सुरू होतो. कापूस, मका, मध्येच आल्याचे गादीवाफे. खरीप ऐन भरात असताना या पट्ट्यात आता पाठीवरच्या पंपाच्या आवाजाबरोबर ड्रोनचा आवाजही ऐकू येतो.

याच हर्सूलचं दुसरं नातं कचऱ्याशी आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध गावकऱ्यांनी महापालिकेच्या गाड्या अडवल्या आणि शहर कचऱ्याने तुंबलं. याच वादातून ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्यानंतर एकच मोठा डेपो ठेवण्याऐवजी चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी आणि हर्सूल अशा चार ठिकाणी कचऱ्यावर प्रक्रिया करायचं ठरलं. म्हणजे ड्रोन ज्या रस्त्याने शेतात जातो, त्याच रस्त्यावर शहराचा कचरा येऊन थांबतो. ड्रोनची बॅटरी या दोन टोकांच्या मध्ये कुठे जाते, हा या प्रकरणाचा विषय.

आधी त्या डब्यात काय असतं ते पाहू. दहा लिटर टाकीच्या फवारणी ड्रोनला बहुतेक वेळा दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडतात. त्यातली एक घेतली तर आत सहा सेल. प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे मिळून २२.२ व्होल्ट, क्षमता २२ अँपिअर-तास. गुणाकार केला की ४८८ वॉट-तास येतात. दोन्हींचे मिळून हजाराच्या जवळ, म्हणजे महावितरणच्या बिलावरचं एक युनिट. ऐकायला काहीच नाही. पण हे एक युनिट जेमतेम पाच किलोत भरलेलं असतं आणि ड्रोन ते आठ-दहा मिनिटांत संपवतो. विहिरीवरची साडेसात एचपीची मोटर जेवढ्या जोराने वीज ओढते, तेवढ्या जोराने ही वीज त्या दोन डब्यांतून बाहेर पडते. एवढी वीज एवढ्या लवकर देऊ शकणारी वस्तू काही बिघडलं तर तेवढ्याच लवकर ती सोडूनही देऊ शकते. तिची उपयुक्तता आणि तिचा धोका ही एकाच गुणाची दोन रूपं आहेत.

या बॅटऱ्यांना शेतातही ‘लिपो’ म्हणतात. लिथियम-पॉलिमर हे त्यांचं पूर्ण नाव, पण आतलं रसायन मोबाइलच्या लिथियम-आयन बॅटरीसारखंच. एका बाजूला ग्रॅफाइट लावलेली तांब्याची पत्री, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांची ऑक्साइडं लावलेली ॲल्युमिनियमची पत्री, आणि मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा. हा पडदा वीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग जाडीचा. सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजलेलं. टॉर्चमधल्या गोल सेलला स्टीलचं कवच असतं. लिपोच्या सेलला असते फक्त ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकची पिशवी. वजन वाचवण्यासाठी कवच काढून टाकलं. त्यामुळे ठेचल्यावर, टोचल्यावर, उंचावरून पडल्यावर मार थेट आतल्या पडद्याला बसतो.

पडदा फाटला किंवा सेल फार तापला की पुढचं सगळं क्रमाने घडतं. नव्वद अंशांच्या आसपास ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर विरघळू लागतो आणि स्वतःच उष्णता सोडतो. एकशेतीसच्या सुमारास पडदा वितळतो आणि दोन्ही पत्र्या आतल्या आत भिडतात. दोनशेच्या आसपास धातूंची ऑक्साइडं प्राणवायू सोडू लागतात. म्हणजे जळायला द्रव आहे, उष्णता आहे, आणि प्राणवायूही आतूनच येतो आहे. म्हणून अशी आग ब्लँकेट टाकून किंवा वाळू ओतून कोंडली तरी आत चालूच राहते. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, तो पेटतो, मग तिसरा. बाहेर पडणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्या द्रवातल्या फ्लोरिनयुक्त क्षारापासून बनणारं हायड्रोजन फ्लोराइडही. हा वायू फुप्फुसं जाळतो.

शाळेत पाहिलेला, पाण्यावर तडतडत पेटणारा सोडियमचा तुकडा अनेकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. म्हणून लिथियम म्हटलं की ‘पाणी टाकू नका’ हा सल्ला लगेच दिला जातो. या बॅटऱ्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. त्यांत लिथियम असतं ते संयुगांच्या रूपात. शुद्ध धातूचा तुकडा नसतो. इथे खरं काम उष्णता काढून घेण्याचं आहे आणि त्यासाठी पाण्यासारखं दुसरं काही नाही. भरपूर पाणी, लांबून, वाऱ्याकडे पाठ करून. कोरड्या पावडरचं अग्निशामक ज्वाळा विझवतं, पण सेल गार करत नाही. पाच मिनिटांनी बॅटरी पुन्हा पेट घेते. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा. विझलेली बॅटरी पुन्हा शेडमध्ये आणून ठेवायची नाही, ती उघड्यावरच राहू द्यायची. खोलीत आग लागली तर बॅटरी वाचवायला जाऊ नये. माणसं बाहेर काढून १०१ला फोन करावा.

धुराचा धोका या शहराला वेगळा सांगायला नको. ३ एप्रिल २०२४च्या पहाटे छावणीतल्या एका शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा गुदमरून मृत्यू झाला. आगीच्या कारणांच्या सुरुवातीच्या चर्चेत चार्जिंगला लावलेल्या ई-दुचाकीचा उल्लेख झाला होता. ठिणगी कुठली हा तपासाचा भाग. पण खाली दुकान, वर घर आणि मध्ये एकच जिना ही रचना आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. वसईत सप्टेंबर २०२२मध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. ड्रोनची बॅटरी स्कूटरच्या बॅटरीपेक्षा लहान, पण कवच नसलेली. ती जिन्याखाली किंवा झोपायच्या खोलीत चार्ज करू नये आणि रात्रभर लावून ठेवू नये, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

ड्रोनचं कौतुक करणाऱ्यांना मी दोष देत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजूर मेले, हे ज्याला आठवतं त्याला फवारणी करणारा माणूस औषधाच्या तुषारांपासून लांब उभा राहतो याचं मोल कळतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली: १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त आठ लाख रुपयांपर्यंत मदत, एकूण तरतूद १,२६१ कोटी. यातला बॅटरीचा तपशील बातम्यांत फारसा आला नाही. एका ड्रोनबरोबर एक बॅटरी संच आणि वर चार जादा संच द्यायचे, म्हणजे दिवसाला वीस एकरांपर्यंत फवारणी करता येईल, असं मार्गदर्शक सूचनांत आहे. योजना पूर्ण राबवली तर १५,००० ड्रोनमागे ७५,००० संच होतात.

आता थोडा हिशेब. पाच संच, वीस एकर, म्हणजे एका संचाच्या दिवसाला चार फेऱ्या. हंगामात साठ दिवस काम मिळालं तर एका संचाच्या २४० सायकल, म्हणजे भरण्या-उतरण्याच्या फेऱ्या, झाल्या. साध्या लिपोचं आयुष्य चांगलं वागवलं तर तीनशे ते पाचशे सायकलचं. म्हणजे सव्वा हंगाम, फार तर दोन. ‘स्मार्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बॅटऱ्या याहून जास्त टिकल्या तरी तारीख पुढे जाते, टळत नाही. ड्रोन दिले गेल्याचे फोटो छापून आले. त्यांच्या बॅटऱ्या कालबाह्य होण्याचा दिवस कुणाच्या दिनदर्शिकेत नाही.

आणि माझं मत असं की बॅटरीचं आयुष्य नुसतं ती उडत असताना ठरत नाही. ते ती पडून असतानाही ठरतं. मराठवाड्यात फवारणीचा जोर जुलै ते ऑक्टोबर. रब्बीत थोडं काम निघतं. मग फेब्रुवारी ते जून बॅटऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये असतात, आणि हर्सूलच्या पुढे मे महिन्यात बाहेर ४२ अंश असेल तर पत्र्याखाली काय असेल याचा अंदाज करायला थर्मामीटर लागत नाही. त्यातून अनेक जण बॅटरी शंभर टक्के भरून ठेवतात. मोबाइलची सवय, भरलेलं असलेलं बरं, कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. लिथियम-आयन सेलबद्दल नेहमी दिला जाणारा आकडा असा आहे: ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवला तर सेलची क्षमता ६५ टक्क्यांवर येते, तोच ४० टक्के भरून ठेवला तर ८५ टक्के उरते. एकदाही न उडता एक तृतीयांश बॅटरी गेली. शिवाय भरलेला, तापलेला सेल आत वायू तयार करतो आणि फुगतो.

म्हणून हंगाम संपला की प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवायचा. सहा सेलच्या बॅटरीवर हा आकडा २३ व्होल्टच्या आसपास दिसतो. पूर्ण भरल्यावर तो २५.२ असतो. बहुतेक चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाची सोय याचसाठी दिलेली असते आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. महिन्या-दोन महिन्यांनी तपासायचं, कारण उलट टोकही वाईट: सेल तीन व्होल्टच्या बराच खाली उतरला की तांब्याच्या पत्रीचं तांबं विरघळू लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचून आत शॉर्ट होऊ शकतो. पूर्ण उतरलेली बॅटरी ‘जरा धक्का देऊन’ जिवंत करणारे कारागीर सगळीकडे भेटतात. ड्रोनच्या बॅटरीवर हा प्रयोग करू देऊ नये.

ठेवायची कुठे? फवारणी करणाऱ्याच्या शेडमध्ये सहसा काय असतं ते बघा: कीटकनाशकाचे डबे, पेट्रोल किंवा डिझेलचा कॅन, जनरेटर, खताच्या गोण्या, बाजूला कडबा. ‘ईसी’ लिहिलेल्या कीटकनाशकांत औषध विरघळवायला ज्वलनशील द्रावक असतो, हे डबा हाताळणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. बॅटरीची जागा यातल्या कशाच्याही शेजारी नाही. दगड-मातीच्या भिंतीची, सावलीची, हवा खेळती असलेली खोली, जमिनीवर फरशी, दोन बॅटऱ्यांमध्ये अंतर. पत्र्याची पेटी वापरायची तर झाकण घट्ट बंद करायचं नाही, नाहीतर आतल्या वायूला वाट उरत नाही आणि पेटीच फुटते. दारूगोळ्याच्या जुन्या लष्करी पेट्या या कामाला आणणारे हौशी लोक त्यांच्या झाकणाचं रबर आधी काढून टाकतात, ते याचसाठी.

शेतावर घाई असते आणि घाईत होणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. उतरलेला ड्रोन, हाताला चटका बसेल इतकी गरम बॅटरी, आणि ती तशीच जनरेटरवर चालणाऱ्या चार्जरला जोडलेली. ती चाळीस अंशांच्या खाली येईपर्यंत थांबायला हवं, सावलीत, पंख्यासमोर. जादा संच दिलेत ते त्यासाठीच. चार्जरची बॅलन्सची बारीक वायर न लावता नुसत्या जाड वायरीवर चार्ज केलं की एखादा सेल मागे राहतो आणि एखादा ४.२ व्होल्टच्या पुढे जातो. कनेक्टरवर औषधाचे थेंब पडून हिरवट बुरशीसारखं गंजणं सुरू झालं असेल तर जोडताना ठिणगी उडते. आणि ड्रोन विजेच्या तारेला किंवा झाडाला लागून पडला असेल तर बॅटरी वरून ठीक दिसली तरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. दिवसभर लांब, उघड्यावर ठेवून पाहायचं.

लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या ड्रोनची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या बॅटऱ्या लहान, वीस ते ऐंशी वॉट-तासांच्या. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२पासून बंदी असल्यामुळे जुन्या यंत्रांना कुठल्या तरी मार्गाने आलेल्या, कधी सेल बदलून पुन्हा बांधलेल्या बॅटऱ्या लावल्या जातात. विमानाने जायचं तर त्या हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात: १०० वॉट-तासांपर्यंत चालतं, १६०पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यावर प्रवाशाला नेताच येत नाही. फवारणीची बॅटरी या हिशेबात बसतच नाही.

बॅटरी संपली हे ओळखायचं कसं? पोट फुगलं की संपली; यात दुसरं मत नको. फुगवटा दाबून बसवायचा नाही, सुईने वायू काढायचा नाही. फुगली नसेल तरी पूर्ण चार्ज करूनही एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टहून जास्त मागे राहत असेल, आठ मिनिटांचं उड्डाण सहावर आलं असेल, गोडसर रसायनाचा वास येत असेल, तर ती निवृत्त करावी. भरलेली टाकी घेऊन उडणाऱ्या यंत्राची बॅटरी मध्येच बसली तर ते खाली येतं, आणि खाली बहुधा मजूर असतात.

मग ती जाते कुठे? जुन्या ट्रॅक्टरची शिशाची बॅटरी कधी उकिरड्यावर दिसते का? दिसत नाही, कारण शिशाला किलोचा भाव आहे आणि दुकानदार जुनी घेऊन नव्यात पैसे वजा करतो. पर्यावरणाच्या प्रेमाशिवायही ती साखळी चालते. लिथियमच्या बॅटरीला असा भाव भंगाराच्या दुकानात नाही. भंगारवाल्याला तिच्यातलं तांबं-ॲल्युमिनियम तेवढं कळतं, आणि ते काढायला तो हातोडा किंवा पटाशी घेतो. भरलेल्या सेलवर. किंवा ती लोखंडी भंगारात तशीच मिसळते. इथलं भंगार जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांकडे जाणं स्वाभाविक आहे, आणि बंद सेल भट्टीत पडला तर तो फुटणार.

तिसरी वाट घंटागाडीची. गाडीत कचरा दाबला जातो. सेल दबला, पडदा फाटला की कोरड्या कचऱ्यात ठिणगी. ब्रिटनच्या अग्निशमन प्रमुखांच्या परिषदेच्या मोजणीनुसार एका वर्षात तिथे कचऱ्याच्या गाड्या आणि केंद्रांत बॅटऱ्यांमुळे १,२००हून अधिक आगी लागल्या. २०२२मध्ये हाच आकडा सातशे होता. तिथे कचरा वेगळा करण्याची शिस्त आपल्याहून जुनी आहे. हर्सूलच्या केंद्रात पट्ट्यावर कचरा निवडणाऱ्या हातांना ही पिशवी प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या एखाद्या वस्तूसारखीच दिसणार. ती तिथूनही सुटून मातीत गेली तर कोबाल्ट, निकेल आणि फ्लोरिनची संयुगं पाण्यात उतरतात. खाम नदी जटवाड्याच्या डोंगरांतून निघून हर्सूल तलावातून शहरात येते आणि पुढे गोदावरीला मिळते. २०२१पासून तिच्या पुनरुज्जीवनाचं काम चालू आहे आणि शहर पाणी पितं ते गोदावरीवरच्या जायकवाडीचं.

घरगुती उपाय म्हणून मिठाच्या पाण्याची बादली सांगितली जाते. बॅटरी त्यात बुडवली की चार्ज निघून जातो, असा समज. प्रत्यक्षात मिठाचं पाणी आधी टोकं गंजवून टाकतं; जोडणी तुटली की आतला चार्ज तसाच राहतो आणि माणूस निर्धास्त होतो. बादलीत क्लोरिन आणि हायड्रोजनचे बुडबुडे येतात, आणि उरतं ते पाणी शेवटी कुठे तरी ओतलंच जातं. त्यापेक्षा चार्जरवरची ‘डिस्चार्ज’ची सोय वापरावी. ती नसेल तर ट्रकचा २४ व्होल्टचा हेडलाइटचा बल्ब जोडून उघड्यावर, वाळूवर, समोर बसून उतरवावी; ७० वॉटच्या बल्बला पूर्ण भरलेली बॅटरी रिकामी करायला सात तासांच्या आसपास लागतात. हे फक्त धडधाकट बॅटरीसाठी. फुगलेली, ठेचलेली किंवा भिजलेली असेल तर काहीही जोडायचं नाही. ती कोरड्या वाळूने भरलेल्या मातीच्या कुंडीत, झाकण न लावता, घरापासून दूर ठेवायची. टोकांवर इन्सुलेशन टेप, प्रत्येक टोकावर वेगळी. वायर कापायचीच वेळ आली तर एका वेळी एकच. दोन्ही वायरी पक्कडीत एकदम आल्या तर पक्कडच शॉर्ट करते. गळलेला द्रव अंगावर आला तर खूप वेळ पाण्याने धुऊन सरळ दवाखाना गाठायचा.

कायदा कागदावर बरा आहे. ऑगस्ट २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी २००१चे जुने नियम बाद केले आणि शिशापलीकडच्या सगळ्या बॅटऱ्या कक्षेत आणल्या. बॅटरी बनवणारा किंवा आयात करणारा ती परत गोळा करून पुनर्चक्रणाला देण्यास बांधील आहे. बॅटऱ्या जमिनीत पुरणं आणि जाळणं मना आहे. वापरणाऱ्यावरही जबाबदारी आहे: ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याकडे किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायची. पुनर्चक्रण करणारे देशात आहेत. ते सेल दळून काढलेल्या काळ्या भुकटीतून कोबाल्ट, निकेल, लिथियम वेगळं करतात. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राने अशा खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. अडचण मधल्या अंतराची आहे. फुलंब्रीतल्या बचत गटाकडे दहा फुगलेल्या बॅटऱ्या असतील तर त्या कारखान्यापर्यंत नेणार कोण? वाहतुकीत हा नवव्या वर्गातला धोकादायक माल. खराब झालेली बॅटरी विमानाने पाठवता येत नाही, आणि दहा नगांसाठी कुणी ट्रक पाठवत नाही.

नग जमा झाले तर मात्र पाठवेल. त्यासाठी प्रत्येक तालुक्याला एक जागा पुरे: कृषी सेवा केंद्राच्या किंवा पंचायत समितीच्या आवारात पत्र्याची सावली, वाळूच्या कुंड्या, टेपचा रोल आणि नोंदवही. हर्सूलच्या कचरा केंद्राच्या फाटकाशी असं एक ठिकाण झालं तर शहरातल्या लग्नवाल्यांच्या, स्कूटरवाल्यांच्या आणि जळगाव रस्त्यावरच्या फवारणीवाल्यांच्या बॅटऱ्या एकत्र येतील, आणि पुनर्चक्रण करणाऱ्याला गाडी भरण्याइतका माल मिळेल. ते होईपर्यंत हातात असलेली वेळ खरेदीची. ड्रोन घेताना किंवा नवा संच घेताना विक्रेत्याला उत्पादकाचा बॅटरी कचरा नियमांखालचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि जुने संच कुठे, कुणी, कुणाच्या खर्चाने परत घ्यायचे ते बिलावर लिहून घ्यावं. पैसे देण्याआधी विचारलेल्या या प्रश्नाला नंतरच्या दहा फोनपेक्षा लवकर उत्तर मिळतं.